मजा रविवारची, खोळंबा सोमवारचा

प्रश्न : राहायला लालबागला, नोकरी लोअर परळला. इतकी वर्षं छोटी हॅचबॅक चालवली, आता सेकंडहँड स्कोडा ऑक्टेव्हिया घ्यायचं मनात आहे. मित्राची १.८ टीएसआय ऑटोमॅटिक चालवली आणि वेडच लागलं. भाऊ म्हणतो, होंडा घे, डोक्याला ताप नाही. मेकॅनिक म्हणतो, घ्या, पण गिअरबॉक्सचे पैसे वेगळे काढून ठेवा. गणपतीला आणि शिमग्याला रत्नागिरीला जाणं ठरलेलं. भरवसा बघू की मजा?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ऑफिसला ही गाडी नेणार का, एवढंच तुम्ही लिहिलेलं नाही. आणि सगळं अडलंय तिथेच.

लालबागहून लोअर परळ म्हणजे करी रोडचा पूल ओलांडून चालत जाण्याचं अंतर. लोकल, बेस्ट, टॅक्सी सगळं हाताशी. दुसऱ्या एखाद्या गावात गाडी चार दिवस गॅरेजला गेली की घरातल्यांचे हाल होतात. तुमचं कामावर जाणं मात्र एक दिवसही चुकणार नाही. म्हणून नखरेल गाडी पाळणं मध्य मुंबईतल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त परवडतं. अट एकच, तिला रोज ट्रॅफिकमध्ये राबवायचं नाही. कारण या गाड्यांचे महागडे आजार त्या ट्रॅफिकमध्येच जडतात.

मित्राच्या १.८ टीएसआयचंच बघा. १८० पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि जोडीला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. यात दोन क्लच असतात. एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६. एक गिअर चालू असताना पुढचा तयारच असतो, म्हणून गिअर पडल्याचं कळतही नाही. पण या सात गिअरवाल्याचे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. आंबेडकर रोडवर उड्डाणपुलाखालून गाडी वीत वीत सरकते तेव्हा क्लच ना पूर्ण लागतो ना पूर्ण सुटतो. घासत राहतो, तापतो आणि झिजतो. गाडी निघताना थरथरू लागते. दुसरं दुखणं मेकॅट्रॉनिकचं. गिअर बदलणारं हे इलेक्ट्रॉनिक आणि हायड्रॉलिक युनिट बिघडलं की गाडी जागची हलतच नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने याच जातीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलण्यासाठी जगभरातल्या सोळा लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. म्हणजे मेकॅनिक घाबरवत नाहीये, अनुभवाचं बोलतोय.

गंमत अशी की त्याच ऑक्टेव्हियाची वरची बहीण या बाबतीत जास्त धडधाकट आहे. २०१७ मध्ये आलेली आरएस २३० : दोन लिटर टर्बो, २३० पीएस, ३५० न्यूटन-मीटर, तेव्हाची एक्स-शोरूम किंमत २४.६२ लाख. इतका टॉर्क कोरड्या क्लचला झेपत नाही, म्हणून तिला तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी दिला. तेल उष्णता वाहून नेतं. त्याच्या बदल्यात दर ६०,००० किलोमीटरला गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलावा लागतो. ते बदलल्याची पावती नसेल तर गाडी कितीही चकचकीत असो, नमस्कार करून निघा.

बाकीच्या दोषांचे दोन ढीग करा. पहिला, पैसे खाणारे : कूलंट गळणारं थर्मोस्टॅट आणि वॉटरपंपचं प्लॅस्टिकचं घर, इनटेक व्हॉल्व्हवर साचणारा कार्बन, खड्ड्यात फुगणारे पातळ टायर. हे आधी सूचना देतात. लक्ष असेल तर घरी परत आणतात. दुसरा, रस्त्यात सोडणारे : मेकॅट्रॉनिक, आणि जुन्या स्कोडा लॉरातल्या १.८ टीएसआय इंजिनाचा टाइमिंग चेन टेन्शनर. पहिल्या ढिगाची किंमत मजेच्या खात्यात लिहायला हरकत नाही. दुसऱ्या ढिगातली गाडी रत्नागिरीच्या वाटेवर नेऊ नये.

कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनीसुद्धा घाटात तापून बंद पडायची. पण इंजिनाजवळच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकलं, दहा मिनिटं थांबलं की चालू. ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून तिचा शेवट झाला तोवर शहरातल्या कुठल्याही कोपऱ्यावर तिचा डॉक्टर भेटायचा. आजची गाडी क्वचित बंद पडते, पण पडली की लॅपटॉप लागतो. भरवसा मोजताना गाडी किती वेळा बिघडते याच्या जोडीला बिघडल्यावर कोण आणि कुठे दुरुस्त करतो हेही मोजा. गाडी घेण्याआधी डीएसजी उघडणारा स्वतंत्र मेकॅनिक शोधा आणि त्याच्याच लिफ्टवर गाडी चढवून बघा.

आता मजेचा हिशोब. कोस्टल रोडला सरळ रस्त्यावर मर्यादा ८०, बोगद्यात ६०. अटल सेतूवर १००. तेव्हा २३० पीएसपैकी बहुतेक घोडे तबेल्यातच राहणार. आपल्याकडे मजा मिळते ती स्टीअरिंगच्या नेमकेपणात, वळणावर न झुलणाऱ्या बॉडीत, तिसऱ्या गिअरच्या ओढीत. ती कमी ताकदीतही मिळते.

म्हणून रोज चालवणार असाल तर १.८ टीएसआय डीएसजी नको. भावाचं ऐका, पण त्यातही निवडून घ्या. २०१९ च्या पेट्रोल सिव्हिकला फक्त सीव्हीटी गिअरबॉक्स होता. भरवशाची, पण पाय दाबला की आधी नुसता आवाज वाढतो. त्यापेक्षा २०२० नंतरची सिटी, सहा गिअरची मॅन्युअल, १२१ पीएस : टर्बो नाही, आणि इंजिन वरपर्यंत आनंदाने फिरतं. टर्बोचा धक्काच हवा असेल तर चाकणला बनलेली स्कोडा स्लाविया १.५ टीएसआय, १५० पीएस, तीही मॅन्युअल. यात क्लच झिजला तरी बदलणारा मेकॅनिक कुठेही सापडतो.

ऑफिसला चालत जाणार आणि गाडी फक्त सुट्टीची असेल, तर सर्व्हिसच्या पावत्या असलेली आरएस २३० घ्या आणि किमतीचा पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. तो ठेवता येत नसेल तर ती गाडी तुमच्या बजेटमध्ये बसत नाही, असंच समजा.

प्रश्न : आमच्याकडे हिंदमाताला पाणी तुंबतं. पाण्यात बुडालेली गाडी धुऊनपुसून कुणी विकत असेल तर ओळखायची कशी?
— एक वाचक, दादर पूर्व

उत्तर : सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला मातकट रेघ दिसली तर समजून जा. मग सीटखालच्या पट्ट्यांचा गंज, कार्पेटखालचा कुबट वास, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ आणि वायरींच्या जोडांवरची हिरवट थर बघा. विमा कंपनीकडची क्लेमची नोंद मागा. आणि स्वतःची गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. असं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर पावसाळ्याआधी घ्यावं.

प्रश्न : हौसेने घेतलेली गाडी आठवडाभर इमारतीखाली उभी असते. रोज पाच मिनिटं चालू करून ठेवतो. पुरतं का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : उलट नुकसान होतं. इंजिन जागच्या जागी चालवलं की तेल पुरेसं तापत नाही. त्यातली वाफ आणि कच्चं पेट्रोल उडून जात नाही, आणि बॅटरीही नीट भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवा. मरीन ड्राइव्हहून बोगद्यात शिरून वरळी, तिथून सी लिंकने वांद्रे आणि परत, एवढ्यात तेल तापतं आणि ब्रेकच्या डिस्कवर खाऱ्या हवेने धरलेला गंजही निघतो. किलोमीटर कमी झाले तरी इंजिन ऑइल वर्षाला बदला. टायरवरचे चार आकडे वाचा : ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतकं जुनं रबर कडक होतं आणि पावसात घसरतं. बॉनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही दर आठवड्याला बघा. उभ्या गाडीचा हा खर्च विकणारा कधी सांगत नाही.