वाटेवरचे क्रूस : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

मुंबईचे क्रॉस मैदान सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या दगडी क्रुसावरून त्यास हे नाव पडले तो तेथे आजही उभा आहे, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. असे क्रूस वांद्र्यापासून वसईपर्यंतच्या ख्रिस्ती वाड्यांतून, वाटेच्या कडेस व तिठ्यावर आढळतात. इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली. राज्य पालटले, येथील ख्रिस्ती शेतकरी व कोळी यांचा धर्म मात्र टिकला, आणि त्यांच्या घरांत मराठीच्या बोलीही टिकल्या.

जुना कोरीव क्रूस हा निरक्षरांसाठी दगडात लिहिलेला धडा होय. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारातील उंच क्रुसावर येशूच्या दुःखभोगाची चिन्हे आहेत. अशा क्रुसांवर सहसा शिडी, खिळे, हातोडा, भाला, फासे आणि कोंबडा दिसतात. फासे कशासाठी? क्रुसापाशी शिपायांनी येशूच्या वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकल्या म्हणून. कोंबडा कशासाठी? तो आरवण्यापूर्वी पेत्र या शिष्याने आपल्या गुरूस तीनदा नाकारले म्हणून. कोंबड्याची कथा मुलांना एकदा सांगावी. ती पुन्हा सांगावी लागत नाही. पायथ्याची कवटी पाहून लहान मुले बिचकतात. ज्या टेकडीवर येशूस क्रुसावर दिले तिचे नावच ‘कवटीची जागा’ असे होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

काही क्रुसांमागील दुःख अधिक जवळचे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीतील रोग्यांवरून त्याचे निदान करणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे ख्रिस्ती होते. लस नव्हती, हाफकिन यांनी ती १८९७ मध्ये सिद्ध केली. रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हेही तेव्हा कोणास उमगले नव्हते. घरे ओस पडत असता लोकांनी वाडीच्या तोंडाशी क्रूस उभारले व सायंकाळी तेथे जमून जपमाळ म्हटली. पायावर त्या सुमाराचे वर्ष आढळल्यास त्या वर्षी वाडीत काय घडले, हे मुलांनी आपल्या घरच्या वृद्धांस विचारावे.

हा अभ्यास लांबणीवर टाकू नये. दरवर्षी चढणाऱ्या तैलरंगाखाली अक्षरे बुजतात. भक्तीने दिलेला रंगच येथे लेखाचा वैरी ठरतो, पण त्याबद्दल कोणास दोष कसा द्यावा? रस्ता रुंद करताना क्रूस हलवला, तर त्याची मूळ जागाही विस्मृतीत जाते. शिक्षकाने वाडीतील वडीलधाऱ्यांची संमती घेऊन मुलांकडून उंची, वर्ष, लेखाची भाषा व चिन्हे वहीत उतरवून घ्यावीत. रंग खरवडू देऊ नये. कागद ठेवून त्यावर कोळसा हलके घासल्यास पुसट अक्षरेही उमटतात.

प्रार्थना चालू असल्यास वर्गाने बाजूस शांत उभे राहावे. ती आटोपल्यावर उकडलेले चणे वाटण्याची जुनी चाल आहे, आणि ते पाहुण्या मुलांच्या ओंजळीतही पडतात.