क्लासची गाडी आणि कोंडाईबारी

अमळनेर,
20 नोव्हेंबर

चि. पूनम हिस,


फराळाचा डबा पोचला. अक्काच्या हातच्या शेवेची चव अजून तशीच आहे, तिला सांग. पण हे पत्र फराळापायी नाही. फोन केला असता तर तू दोनदा "हो मामा" म्हणून फोन आईच्या हातात दिला असतास. म्हणून लिहायला बसलो.

परवा धुळ्याला दाजींच्या चुलतभावाकडे बसलो होतो. तिथे कानावर आलं की आमच्या सागरच्या लग्नाला तू सगळ्यांना गाडीत घालून आणणार आहेस. गोडादरा ते अमळनेर, 250 किलोमीटरच्या वर. दाजी पुढे, अक्का आणि तुझ्या आजी मागे, आणि स्टेअरिंगवर जिचा क्लाससुद्धा अजून संपलेला नाही अशी तू. वर हेही ऐकलं की पक्क्या लायसन्सचं एक एजंट "बसल्या जागी" करून देणार आहे. सांगणारा हसत सांगत होता, "मामाची भाची शोभते!" मला हसू आलं नाही. घरी येऊन आडवा झालो, तर डोळ्यांसमोर कोंडाईबारीचा घाटच.

खोटं असेल तर पत्र फाडून टाक. खरं असेल तर पुढचं दोनदा वाच.

आमच्या सोनूने तुझं स्टेटस दाखवलं. क्लासची गाडी, पुढे एलची पाटी, मागून मैत्रीण व्हिडिओ काढतेय, तू हसतेयस. मी चित्राकडे फार पाहिलं नाही, आवाज ऐकला. उभी नोकरी एसटीत गेली, दुसरं काय येणार मला. इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी त्या मानाने सरकत नव्हती, म्हणजे तुझा डावा पाय क्लचवरून निघालेला नव्हता. मग समोर ग्रे कापडाचे ताके भरलेला टेम्पो आडवा आला आणि गाडी अलगद थांबली. तेव्हा तुझी मान मागे, मोबाइलकडे होती. पूनम, ती गाडी तू थांबवली नाहीस. मास्तरने थांबवली.

क्लासच्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाशी वेगळा ब्रेक-क्लच असतो. कायद्यानेच तो लागतो, त्यात वावगं काही नाही. पण शिकणाऱ्याला वाटत राहतं की गाडी आपणच चालवतोय. पहिले दोन-तीन दिवस तर नुसतं स्टेअरिंग तुमच्या हातात, बाकी सगळं त्याचे पाय करतात. मग पहिला गिअर, हाफ क्लच, दुसरा, तिसरा. रिव्हर्स अगदी शेवटी, तोही वेळ उरला तर. रस्ता रोजचा ठरलेला. तुमच्या इकडे महाराणा प्रताप चौकातून पर्वत पाटियापर्यंत आणि वळसा घालून परत, असंच काहीतरी असणार. मागच्या सीटवर दुसरा शिकाऊ आपल्या पाळीची वाट बघत बसलेला. 1989च्या केंद्रीय नियमांत छोट्या गाडीसाठी निदान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे 10 तास सांगितलेत. रोजचा अर्धा तास धरलास तर हिशेब बरोबर जमतो. पण त्या अर्ध्या तासातून डिझेल भरणं, सिग्नल आणि मास्तरचे फोन वजा कर, मग चाक तुझ्या हातात किती वेळ होतं ते तूच मोज. नियमात क्लासवाल्याने प्रत्येकाच्या चालवण्याच्या तासांची नोंदवही ठेवायची असते. तुझं पान दाखवायला सांग. दाखवायला त्याची हरकत नसावी.

मास्तर वाईट आहे असं मी म्हणत नाही. गोडादऱ्याच्या रस्त्यावर नवशिक्याला घेऊन बसायचं म्हणजे छाती लागते. रिक्षा मनात येईल तिथे थांबते, छोटा हत्ती उलट बाजूने येतो, भाजीची गाडी अर्ध्या रस्त्यात. त्याने ब्रेकवर पाय ठेवला नाही तर रोज एक भांडण. पण शेवटच्या आठवड्यात त्याला स्पष्ट सांग, "सर, आता पाय मागे घ्या." गाडी बंद पडेल, मागचे हॉर्न वाजवतील, तुला घाम फुटेल. पडू दे बंद. हेही माग, की एक दिवस काळोख पडल्यावर घेऊन चला. समोरून डोळ्यांत उजेड मारणारा आला की नजर डाव्या कडेवर ठेवायची, हे क्लासमध्ये कुणी शिकवत नाही. पावसाचं तर नावच नको. पहिल्या पावसात रस्ता तेलकट होतो, ते जून लागल्यावरच कळतं.

आणि तो एजंट. दाजींना माझ्या नावाने सांग, त्याला घरी चहालाही बोलवू नका. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर 30 दिवसांनी परीक्षा देता येते आणि ते सहा महिने चालतं. एवढी घाई कसली? तुमच्या पालच्या आरटीओत ट्रॅक आहे. 8चा आकडा, रिव्हर्सचा एस, दोन खुणांमधलं पार्किंग आणि चढावर थांबून मागे न घसरता पुढे जाणं, हे करून दाखवायचं आणि ते सेन्सर-कॅमेऱ्याने बघायचं. नापास झालीस तर पुन्हा दे, लाज नाही. लाज तिथे आहे, जिथे परीक्षा न देता खिशात कार्ड येतं आणि ते कार्ड बघून आई-बाप निर्धास्त मागे बसतात.

तू म्हणशील, मामा, शिकाऊ लायसन्स भारतभर चालतं, शेजारी लायसन्सवाला बसला की झालं. कायदा मला पाठ आहे. शेजारचा गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा, असं त्यात आहे. पण शेजारी बसणार कोण? दाजी! त्यांनी गाडी शेवटची कधी चालवली ते त्यांना तरी आठवतं का? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते रात्रीचं बघू शकत नाहीत. आणि त्यांच्या पायाशी ब्रेक नाही. घरच्या गाडीत ब्रेक एकच, तो तुझ्या पायाखाली. कोंडाईबारीत एवढं ध्यानात ठेव.

आता घाटाचं ऐक. कडोदऱ्यापासून व्याऱ्यापर्यंत रस्ता चांगला, म्हणूनच वेग चढतो. 60च्या वेगाला गाडी एका सेकंदात 16-17 मीटर जाते. तू दचकून ब्रेककडे पाय नेईपर्यंत ते मीटर गेलेले असतात. त्यात हे दिवस ऊसतोडीचे. बारडोलीकडे साखर कारखान्यांना निघालेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. अंधार पडल्यावर असा ट्रॅक्टर दिसत नाही, एकदम समोर येतो. नवापूर, विसरवाडी सोडलं की चढ लागतो. लोड ट्रक पहिल्या गिअरवर रांगतात, मध्येच थांबतात, तुलाही थांबावं लागतं. पालचा चढ तो केवढा, मागे कुणी नाही. इथे बंपरला टेकून ट्रेलर उभा असतो आणि तू सुटताना गाडी हातभर मागे आली तरी संपलं. परतताना उतार. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे शहाणे मी पुष्कळ पाहिले. ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतरायचं, नाहीतर ब्रेक तापून ऐन वेळी दाबले तरी धरत नाहीत. 2020च्या ऑक्टोबरात सुरतेकडे निघालेली खासगी बस याच घाटात पुलावरून खाली गेली, पाच माणसं गेली. तिच्यावर पेशाने ड्रायव्हर होता, क्लासची पोरगी नव्हती.

फार रागावलो का? रागावलोय खरा. पण तू गाडी शिकू नये म्हणून नाही. धुळ्याच्या त्याच बैठकीत एक जण म्हणाला, "पोरीच्या जातीला कशाला पाहिजे गाडी?" त्याला मी जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. गेल्या पावसाळ्यात अक्काची साखर रात्री उतरली आणि तू रिक्षा शोधत चौकापर्यंत पळालीस. तेव्हापासून तुझ्या डोक्यात गाडी आहे, हे मला ठाऊक आहे. दाजींनी ती जुनी वॅगनआर घेतली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला.

मला शिकवलं कुणी? ट्रकवर क्लीनर होतो. उस्ताद झोपला की गाडी ढाब्याच्या मागे लावायला मिळायची, तीच माझी शाळा. चुकलं की पाठीत बुक्की, का चुकलं ते नाही. कुणी शेजारी बसून दोन शब्द नीट सांगितले असते तर, असं अजून वाटतं. पुढे एसटीत लागलो तेव्हा हेवी लायसन्स असूनही आधी ट्रेनिंगला बसवलं. तिथल्या इन्स्ट्रक्टरने पहिल्यांदा सांगितलं की पाय ब्रेकवर जायच्या आधी डोळा पोचला पाहिजे. तोवर माझं अर्धं तारुण्य उस्तादाच्या बुक्क्या खाण्यात गेलेलं. तुला निदान विचारायला माणूस आहे, तेव्हा विचारत जा. लाजू नको.

आणखी एक गोष्ट मनात राहिली आहे. आयुष्यभर अनोळखी माणसं पोचवली, पण तुझ्या मामीला शेजारी बसवून कुठे नेलं नाही. पासावर ती माझ्याच गाडीत सुरतेला यायची, पण मागे तिसऱ्या बाकावर. आरशात तिचं डोकं खिडकीला टेकलेलं दिसायचं. नवापूर आलं की डोळे उघडायची, माझ्याकडे बघायची, परत मिटायची. रिटायर झाल्यावर गाडी घेऊ म्हणता म्हणता राहूनच गेलं. परवा तुझं स्टेटस बघून ती काय म्हणाली माहीत आहे? "पूनमच्या गाडीत पुढे मी बसणार. सप्तशृंगीला जाऊ."

तर आता असं करू. लग्नाला तुम्ही सगळे आगगाडीने या. उधन्याला बसायचं, नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरला उतरायचं. स्टेशनवर मी उभा असेन. लग्न उरकलं की मी तुमच्याबरोबरच गोडादऱ्याला येतो, पंधरा दिवस राहतो. पहाटे पाचला, मार्केटचे टेम्पो सुटायच्या आत, आपण दोघं निघू. आधी डिंडोलीकडे, मग कडोदरा, मग एखादा दिवस बारडोली. मी शेजारी बसेन, पायाशी ब्रेक नसलेला मास्तर. ओरडणार नाही. निदान प्रयत्न करीन. परीक्षेच्या दिवशी पालला यायचं म्हणालीस तर येईन, नको म्हणालीस तर घरी बसून देवाला हात जोडीन.

आणि आखाजीच्या सणाला तुझ्या आईला माहेरी तूच घेऊन ये. दिवसाढवळ्या, माझ्याबरोबर. त्या वेळी कोंडाईबारी तुझी. मामीला पुढे बसव, मी मागे बसतो.

आजींच्या गुडघ्यांना इथून तेल पाठवतो आहे, सोनूच्या हातून. क्लासच्या नादात दुपारचं जेवत नाहीस असं अक्का म्हणत होती, तसं करू नको. लग्नाच्या दिवसांत गाड्यांना गर्दी असते, तेव्हा दाजींना सांगून उधन्याची तिकिटं या आठवड्यातच काढून घे.

तुझा,
मामा