बोट टोचलं म्हणून रोजा तुटत नाही

रमजान लागला की माझ्या मिरजेच्या दवाखान्याचं घड्याळ बदलतं. दुपारी शुकशुकाट, आणि रात्री तरावीह आटोपून लोक यायला लागले की बाकावर जागा मिळत नाही. त्यातले बरेचसे मधुमेहाचे. मी विचारतो, "दिवसा साखर किती असते?" उत्तर ठरलेलं: "दिवसा कशी बघणार, डॉक्टर? रोजा असतो ना." ग्लुकोमीटर आता घरोघरी आहे. पुण्या-मुंबईला असलेल्या मुलाने हौसेने आणून दिलेला असतो. पण तो कपाटात, पट्ट्यांची मुदत संपेस्तोवर पडून. का, तर बोटातून रक्त निघालं की रोजा तुटतो म्हणे.

तुटत नाही. मी मौलाना नाही, पण हे माझ्या पदरचंही सांगत नाही. 1997 च्या जूनमध्ये मोरोक्कोत कासाब्लांकाला धर्मशास्त्राचे जाणकार आणि डॉक्टर एकत्र बसले होते. कोणत्या उपचाराने रोजा तुटतो आणि कोणत्या नाही, हाच विषय. तपासणीसाठी रक्त काढणं हे न तुटणाऱ्या गोष्टींत घातलेलं आहे. शिरेतून पोषण देणं सोडलं, तर कातडीत, स्नायूत टोचायची इंजेक्शनंही त्यातच. म्हणजे इन्सुलिनसुद्धा आलं.

मग हा समज आला कुठून? मला वाटतं, वजूचा नियम रोजाला चिकटला. आमच्या घाटावरचे मुसलमान बहुतेक हनफी. त्यांच्या शास्त्रात अंगातून रक्त वाहिलं तर वजू मोडतो, नमाजआधी पुन्हा करावा लागतो. रोजाशी त्याचा संबंध नाही. कोकणातली मंडळी शाफई, त्यांचा तर रक्ताने वजूही मोडत नाही. तरी रत्नागिरीकडून आलेला पेशंटही माझ्यासमोर बोट मागे घेतो! शंका असेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारा. माझा अनुभव असा की मौलाना अडवत नाहीत. अडवतात ते शेजारचे मामू, थोरली नणंद आणि व्हॉट्सअ‍ॅप.

इथल्या सतार करणाऱ्या गल्लीतल्या एका चाचांची गोष्ट सांगतो. वय साठीच्या आगेमागे, मधुमेह जुना. हात जवारीत बसलेला. सतारीची तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कानशीने घासत घासत असा आणायचा की तार छेडली की गुंजत राहावी. केसाएवढं जास्त घासलं गेलं तर सूर बसतो. त्या पहाटे त्यांना उशिरा जाग आली. अजानला पाचेक मिनिटं उरलेली. चाचांनी दोन घोट पाण्याबरोबर सकाळची गोळी घेतली आणि नियत केली. जेवण राहिलं, पण गोळी चुकवली नाही, शिस्तीचा माणूस! ती गोळी होती ग्लिमेपिराइड. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडणारी. पोटात अन्न पडलंय की नाही, हे ती विचारत नाही.

दुपारी साडेचारच्या सुमारास कानस हातात नीट धरता येईना. घोडीवर एक वाकडा ओरखडा पडला. चाचा त्यावरून बाजूच्या पोरावर खेकसले, एरवी ज्याचा आवाज कुणी ऐकलेला नाही असा माणूस. कपाळावर घाम. सगळ्यांनी एकच निदान केलं: "रोजा लागलाय चाचांना, पडू द्या जरा." चटईवर आडवं केलं. थोड्या वेळाने सून उठवायला गेली तर तिला ओळखेनात. रिक्षातून माझ्याकडे आणलं तेव्हा सदरा पिळून काढावा असा भिजलेला होता. मी बोट टोचायला घेतलं तर सोबत आलेल्या थोरल्या भावाने माझं मनगट धरलं. "टोचू नका साहेब, मगरिबला अर्धा तासच राहिलाय."

साखर 41 होती.

शिरेतून ग्लुकोज दिलं. डोळे उघडल्यावर चाचांनी पहिला प्रश्न विचारला, "अजान झाली का?" रात्रभर ठेवून घेतलं, कारण या गोळ्यांचा अंमल बराच काळ राहतो. साखर वर आली म्हणून लगेच घरी धाडलं तर पहाटे पुन्हा खाली. भावाला मी तेव्हा जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. पण चूक त्यांची एकट्याची नव्हती. शेवटचा अर्धा तास काढू, एवढ्यावर सगळा मोहल्ला चालतो.

म्हणून आकडे लक्षात ठेवा. मधुमेह आणि रमजान या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ते स्पष्ट दिले आहेत. साखर 70 च्या खाली गेली की रोजा तिथेच सोडायचा. 300 च्या वर गेली तरी सोडायचा. मगरिबला दहा मिनिटं असोत, नाही तर दोन. साखर खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचा, वर आली की काहीतरी खा. पेढा-बर्फी नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

हे मी एका चाचांवरून सांगत नाही. 2001 साली 13 देशांतल्या 12 हजारांवर मधुमेहींची पाहणी झाली होती. साखर कोसळून इस्पितळात न्यावं लागण्याचं प्रमाण रमजानमध्ये टाइप 2 वाल्यांत साडेसात पट निघालं. साखर भडकून न्यावं लागण्याचं प्रमाणही त्यांच्यात पाचपट. उपाशी राहून साखर भडकते कशी, हे इफ्तारची थाळी बघितली की कळेल. तिच्याकडे येतोच.

टोचायचं कधी? सहेरीआधी, दुपारी बाराच्या सुमारास, चारच्या सुमारास, इफ्तारच्या तोंडावर आणि इफ्तारनंतर दोन तासांनी. पट्ट्या महाग पडतात, मला कळतं. ज्यांची साखर आटोक्यात आहे आणि गोळ्या साध्या आहेत त्यांनी पहिले चार-पाच दिवस सगळ्या वेळा पाहाव्यात, मग कुठली वेळ दगा देते ते आपोआप समजतं. चारची मात्र चुकवू नका. इन्सुलिनवाल्यांनी पट्ट्यांत काटकसर करायचीच नाही. आणि हात थरथरणं, दरदरून घाम, धडधड, एकाचे दोन दिसणं, उगाच चिडचिड, बोलण्यात असंबद्धपणा, यातलं काहीही झालं की घड्याळ न बघता टोचा. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ज्यांना मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल अशा गोळ्या आहेत त्यांना थरथर आणि धडधड जाणवणारच नाही कदाचित. घाम तेवढा येईल. अशांच्या घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

आता गोळ्यांची मनमानी. सकाळच्या गोळ्या सहेरीला, रात्रीच्या इफ्तारला, इतका सोपा हिशेब लोक घरीच करून टाकतात. औषधाच्या दुकानदारानेही तेच सांगितलेलं असतं. वर्षभर सकाळी मोठा डोस असतो, कारण पुढे दिवसभराचं खाणं असतं. रमजानमध्ये सहेरीनंतर पुढे फाका असतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा मोठा डोस म्हणून बहुधा इफ्तारकडे जातो आणि सहेरीचा कमी होतो किंवा बंद होतो. जुनी ग्लिबेनक्लामाइड अजून कुणी घेत असेल तर ती बदलूनच घ्यावी. मेटफॉर्मिनची एवढी भीती नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर काढतात, सोबत पाणीही जातं. त्या इफ्तारला घ्यायच्या आणि ऐन रमजानमध्ये नव्याने सुरू करायच्या नाहीत. हे वाचून स्वतः फेरफार करू नका, एवढ्यासाठीच इतकं तपशिलात लिहिलं. रज्जबचा चंद्र दिसला की डॉक्टरकडे या, हातात दोन महिने असतात. लोक येतात चांदरातीला, त्यातही मेडिकल बंद व्हायच्या वेळी.

याहून वाईट म्हणजे गोळ्याच बंद करणारे. दरवर्षी एक मजकूर फिरतो: जपानी शास्त्रज्ञाला रोजावर नोबेल मिळालं, उपास केला की शरीर आजारी पेशी स्वतः खाऊन टाकतं, कॅन्सर-मधुमेह मुळासकट जातो. योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली नोबेल मिळालं ते खरं. पेशी आपल्यातला टाकाऊ भाग कसा मोडून पुन्हा वापरते, यावरचं त्यांचं काम. आणि ते काम केलं कशावर, तर यीस्टवर, पाव फुगवणाऱ्या यीस्टवर. रोजा, मधुमेह, कॅन्सर यांचा त्यात संबंध नाही. गंमत म्हणजे आषाढी एकादशीला हाच मजकूर मला दुसऱ्या पेशंटकडून येतो, 'रोजा'च्या जागी 'उपवास' घालून. त्याच्या जोडीला कलौंजीचं तेल आणि साखर 'तोडणारी' चूर्णं. एका बाईंनी पहिल्या रोजापासून इन्सुलिन थांबवलं होतं आणि आठवडाभरात उलट्या, पोटदुखी आणि धाप घेऊन आल्या. इन्सुलिनवर असलेल्या माणसाला उलट्या आणि धाप लागली, तर ती ॲसिडिटी समजू नका.

ॲसिडिटीवरून आठवलं. इफ्तारनंतर छाती भरून येते, घाम येतो, दुखणं जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जातं, आणि घरचे सोडा पाजतात. "भजी बाधली." चाळिशीच्या पुढच्या माणसाचा, त्यातून मधुमेही असेल तर, आधी ईसीजी. भजीचा विचार नंतर.

आता थाळी. भजी, समोसे, गोड सरबताचे दोन पेले, वर मुंबईच्या मुहम्मद अली रोडवरून आल्यासारखा मालपुवा! दिवसभर कोरड्या पडलेल्या शरीरात एकदम एवढं गेलं की दोन तासांनी साखर 350 दाखवते आणि लोक मीटर बिघडलाय म्हणतात. तुमच्या रिवाजातच याचं उत्तर आहे. पाणी, एक-दोन खजूर, मग मगरिबची नमाज, मग जेवण. त्या दहा-पंधरा मिनिटांत पोट जागं होतं आणि भुकेची घाई उतरते. जेवणात डाळ किंवा मटणाचा साधा रस्सा, भाजी, कोशिंबीर, एक-दोन भाकऱ्या. भजी रोज नको, जुम्म्याला चार खा, मी विचारणार नाही. कलिंगड वाटीभर चालेल, अर्धं नाही. तरावीह म्हणजेही व्यायामच, वीस रकात उठणं-वाकणं. इफ्तारला इन्सुलिन घेऊन नीट न जेवता मशिदीत गेलात तर तिथेच चक्कर येईल. खिशात साखर ठेवा.

सहेरीला खजला-फेणी दुधात बुडवून खायची पद्धत आहे. मैदा, तूप, साखर. खाताना पोट भरतं, दहाला रिकामं. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी, अंड्याची भुर्जी किंवा मुगाची उसळ, वाटीभर दही. पापड-लोणचं टाळलंत तर तहान कमी लागते. सहेरी सोडू नका, आणि अजानच्या जवळ, उशिराच करा. तसं करणं पसंतच केलेलं आहे. पाणी इफ्तारपासून सहेरीपर्यंत थोडं थोडं प्या. शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर ढोसलेलं पाणी तासाभरात लघवीवाटे निघून जातं. लघवी चहासारखी गडद होत असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर पाणी कमी पडतंय. मुतखडेवाल्यांनी हे दोनदा वाचावं. पहिल्या दोन-तीन रोजांत ठणकणारं डोकं बहुतेकदा चहाचं असतं. आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करा, आणि त्या डोक्यासाठी सहेरीला रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी घेऊ नका.

चंद्रावरचं वर्ष लहान, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2018 साली तो मे-जूनच्या उन्हात होता, साडेचौदा तासांचा रोजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो तेरा तासांवर येतो. ज्यांची साखर ताब्यात आहे, मूत्रपिंडं नीट आहेत, त्यांना हे झेपतं, आणि मी त्यांना खुशाल रोजे धरा म्हणतो. पण टाइप 1 चा मधुमेह, डायलिसिस, नुकताच येऊन गेलेला हृदयाचा झटका, गरोदरपणात इन्सुलिन, किंवा गेल्या तीन महिन्यांत साखर कोसळून बेशुद्ध पडलेले, यांना मी नको म्हणतो. तेव्हा डोळ्यांत पाणी येतं, विशेषतः म्हाताऱ्या बायकांच्या. कुराणाच्या सूरह बकरहमध्येच आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत आहे: दुसऱ्या दिवसांत भरून काढा, ते जमणारच नसेल तर गरिबाला जेवू घाला. सवलत घेतली म्हणून कुणी कमी ठरत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा मुलाने किंवा मौलानांनी सांगितलेलं जास्त पटतं. म्हणून मी सोबत मुलाला बोलावतो.

आणि ईद झाली की गोळ्यांच्या वेळा पुन्हा जुन्या करा. दरवर्षी दहा-बारा जण रमजानचाच कागद बकरीदपर्यंत चालवतात, आणि शीरखुर्म्याच्या आठवड्यात तर तो डोस पुरतही नाही. शव्वालचे सहा रोजे धरणार असाल तर त्या सहा दिवसांपुरता तो कागद पुन्हा काढा, मीटरसकट.