जयाजय आणि निवृत्ती

दुसऱ्या अध्यायाच्या अडतिसाव्या श्लोकात भगवंतांनी सुख-दुःख, लाभ-अलाभ आणि जय-अजय या तीन जोड्या सम मानून युद्धास उभे राहण्याची आज्ञा अर्जुनास केली आहे. त्यांतील ‘जयाजयौ’ हे एकच पद आज विचारार्थ घेऊ. हा द्वंद्वसमास होय. त्यात दोन्ही पदांचे प्राधान्य सारखे असते. अर्थात पराजयाने खचू नये, एवढेच सांगून हा श्लोक थांबत नाही; जयानेही चळू नये, हे तो तितक्याच आग्रहाने सांगतो. पहिला उपदेश आपण मुलांना नित्य करतो. दुसऱ्याची आठवण सहसा कोणास होत नाही.

मल्लाच्या जीवनात हा दुसरा उपदेश विशेष कसास लागतो. वय वाढत आहे, सांधे दुखू लागले आहेत, आखाडा सोडण्याचा विचार मनात पक्का होत आला आहे. आणि अशा वेळी त्याने एक मोठी कुस्ती मारली. आता त्याने निवृत्ती पुढे ढकलावी काय?

अलीकडचे उदाहरण पाहू. २०२४ च्या फेब्रुवारीत जयपूर येथे राष्ट्रीय अजिंक्यपद कुस्ती स्पर्धा झाल्या. हरियाणाच्या विनेश फोगाट यांच्या गुडघ्यावर आदल्याच ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली होती. तरी जयपुरात त्यांनी ५५ किलो गटात सुवर्णपदक मिळविले. सहा महिन्यांनी, ६ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटात त्यांनी टोकियोच्या सुवर्णपदकविजेत्या युई सुसाकी यांना पहिल्याच फेरीत हरविले, आणि त्याच दिवशी आणखी दोन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन मर्यादेहून १०० ग्रॅम अधिक भरले व त्या अपात्र ठरल्या. ८ ऑगस्टला त्यांनी निवृत्ती जाहीर केली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पुन्हा उतरण्याचा मनोदय त्यांनी प्रकट केला.

आता दुसरे उदाहरण. त्याच ६ ऑगस्टला, त्याच पॅरिसमध्ये, क्यूबाचे मिहाइन लोपेझ यांनी ग्रीको-रोमन प्रकारातील १३० किलो गटाची अंतिम कुस्ती जिंकली. २००८ पासून लागोपाठचे हे त्यांचे पाचवे ऑलिंपिक सुवर्णपदक, वय एक्केचाळीस. कुस्ती संपताच त्यांनी पायांतील बूट काढून मॅटवर ठेवले. मल्लांच्या रीतीत याचा अर्थ, आखाड्याला अखेरचा नमस्कार.

या दोन मल्लांच्या अंतःकरणात काय होते, हे सांगण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु घटनांची अन्वय-व्यतिरेकाने परीक्षा करता येते. एके ठिकाणी परमोच्च जय आहे, तरी निवृत्ती लांबली नाही. दुसरे ठिकाणी निवृत्तीनंतर कोणताही नवा जय पदरी नसता पुनरागमनाचा संकल्प झाला. नैयायिकांच्या भाषेत जय हा येथे व्यभिचारी हेतू ठरतो. त्यावरून थांबावे असेही सिद्ध होत नाही, आणि थांबू नये असेही नाही.

येथे शंका येते : जय मिळाला, याचाच अर्थ सामर्थ्य शिल्लक आहे, मग तो प्रमाण का मानू नये? याचे समाधान अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात आहे. कर्माच्या सिद्धीस अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे लागतात. अधिष्ठान म्हणजे शरीर. प्रतिपक्ष्याची त्या दिवशीची अवस्था किंवा वजनकाट्यावरील शंभर ग्रॅम या गोष्टी कर्त्याच्या हाती पूर्णपणे नसतात. जय हा पाचांचा मिळून आहे; त्यावरून एकट्या शरीराचा हिशेब मांडू नये. जय हा एक साक्षीदार होय, न्यायाधीश नव्हे. त्याची साक्ष ऐकावी. पण शरीराला, वैद्याला आणि वस्तादांनाही विचारावे.

मग निर्णय कशाने करावा? त्याच अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत (श्लोक ७ ते ९). तेथे प्रसंग नियत कर्माचा आहे. तथापि ती कसोटी इतरत्रही उपयोगी पडते. मोहाने केलेला त्याग तामस, देहाच्या कष्टांना भिऊन केलेला राजस, आणि कर्तव्य करीत असता आसक्ती व फळ यांचा केलेला त्याग सात्त्विक. पुढे तेहतीस ते पस्तीस या श्लोकांत धृतीचेही असेच तीन प्रकार येतात. फळाच्या इच्छेने धरून राहणे ही राजस धृती. भय, शोक, विषाद आणि मद यांना न सोडणे ही तामस. म्हणजे सोडणेही तीन प्रकारचे आणि धरून राहणेही तीन प्रकारचे. शोकाच्या भरात सोडले किंवा जयाच्या मदात धरून ठेवले, तर दोन्हीकडे तमोगुणच. म्हणून कुस्ती हरल्याच्या रात्री आणि जिंकल्याच्या रात्री निवृत्तीचा निर्णय करू नये. मन निवळल्यावर जो निर्णय टिकेल, तोच आपला.

हा प्रश्न केवळ मल्लांचा नाही. साठी उलटलेल्या दुकानदाराने तिजोरीच्या किल्ल्या पाडव्याला मुलाच्या हाती द्यायचे ठरविले. नेमका दिवाळीचा धंदा उत्तम झाला, आणि किल्ल्या कमरेलाच राहिल्या. मुलाची चाळिशी आली, तरी तो गल्ल्यापाशी उभाच. वडिलांचा लाभ खरा. पण त्या लाभाची किंमत मुलाच्या वयातून फेडली जात आहे, हे त्यांना दिसत नाही. तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाचा विचार येथे मार्ग दाखवितो. आखाडा सोडणारा मल्ल वस्ताद होतो, तेव्हा त्याचे कर्म संपत नाही. ते शिष्याच्या अंगी उतरते. दुकानाचेही तसेच आहे.

मननासाठी प्रश्न :

१. जे काम मी सोडीत नाही, ते कर्तव्य म्हणून की मागील यशाच्या गोडीने?

२. जे काम मी सोडू पाहतो, ते पूर्ण झाले म्हणून की दुखावलो म्हणून?

३. माझ्या थांबण्याने किंवा न थांबण्याने कोणाची वाट मोकळी होते, आणि कोणाची अडते?