ओवाळणीचं पाकीट कोणाचं?

प्रश्न : दिवाळीला आमच्या घरी सगळे जमतात. नात सहा वर्षांची आहे, नातू आठवीत आहे, भाची नुकतीच नोकरीला लागली आहे आणि माझे मोठे दीर ७१ वर्षांचे, एकटेच राहतात. दरवर्षी कपडे, खेळणी, सुक्या मेव्याचे डबे यांतच पैसे जातात. यंदा पैशांची समज वाढेल असं काहीतरी द्यावं असं मनात आहे. खर्च बेताचाच करता येईल. कोणाला काय द्यावं?
— एक आजी, शिरगाव, बदलापूर (पूर्व)

उत्तर : आजी, तुमचं पत्र वाचून मला माझ्या लहानपणीची भाऊबीज आठवली. मामाने ताटात ठेवलेलं पाकीट, त्यावर चिकटवलेला एक रुपया, आणि मी ते उघडायच्या आत आईचा पुढे आलेला हात. 'दे इकडे, जपून ठेवते.' ते पैसे माझ्याच फीला नाहीतर फ्रॉकला लागले असणार, याबद्दल मला शंका नाही. पण किती होते आणि कुठे गेले, हे मला कधीच कळलं नाही. आजही बहुतेक घरांत हेच चालतं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की जे काही द्याल त्यातला एखादा तरी निर्णय ज्याला द्याल त्याच्याच हाती राहू द्या.

नातीसाठी पुष्कळ जण तुम्हाला सुकन्या समृद्धी सुचवतील. योजना चांगली आहे. २०१५ मध्ये सुरू झाली, दहा वर्षांच्या आतल्या मुलीच्या नावे खातं उघडता येतं, वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी चालतात. फक्त हे खातं आईवडिलांनी किंवा कायदेशीर पालकांनीच उघडायचं असतं. आजीने पैसे द्यावेत, अर्जावर सही मुलाची किंवा सुनेची असावी. तिच्या पुढच्या शिक्षणाला हे पैसे उपयोगी पडतील, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्या खात्याशी तिचा संबंध येणार नाही. आज तिला त्यातून काहीच कळणार नाही.

आज कळण्यासाठी तिला एक रिकामी पारदर्शक बरणी आणि शंभर रुपयांची सुटी नाणी द्या : एकाची, दोनाची, पाचाची, दहाची. मातीचा गल्ला मला मुलांसाठी आवडत नाही. त्यात टाकलेला पैसा दिसत नाही, मोजता येत नाही, आणि फोडला की सगळा एकदम हाती येतो आणि तसाच एकदम संपतो. बरणीतली पातळी मात्र रोज दिसते. एकाची दहा नाणी आणि दहाचं एक नाणं यांची किंमत सारखीच, हे सहा वर्षांच्या मुलीला सहज पटत नाही. ढीग मोठा तिथे पैसा जास्त, असंच तिला वाटतं. पणत्या आणायला जाताना तिला बरोबर न्या, पैसे तिला देऊ द्या, उरलेली मोड तिलाच मोजून घेऊ द्या. दुकानात चार मिनिटं जास्त जातील, ती जाऊ द्या.

आठवीतल्या नातवाला पासबुक द्या. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत संचयिका होती. वर्गात पैसे जमा व्हायचे, छोट्याशा पुस्तकात नोंद व्हायची आणि स्वतःच्या नावापुढचा आकडा वाढताना पाहून छाती फुगायची. आता ते काम पोस्ट करू शकतं. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल पोस्टातलं बचत खातं स्वतःच्या सहीने चालवू शकतं. किमान ५०० रुपये लागतात आणि व्याज ४ टक्के. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना अशी खाती स्वतः चालवू देण्याची मुभा दिली आहे.

५०० रुपयांवर वर्षाला वीस रुपये व्याज. ते पाहून तो हिरमुसेल, आणि बरंच होईल. मग त्याला आवर्ती ठेवीचा हिशोब मांडून दाखवा. महिन्याला १०० रुपये, पाच वर्षं. भरलेले होतात ६,०००, आणि ६.७ टक्के दर धरला तर हाती येतात ७,१३६ च्या आसपास. आपण एकदाही न भरलेले अकराशे रुपये कुठून आले, हे त्यालाच शोधू द्या.

हजार रुपये देणार असाल तर ५०० खात्यात घाला आणि ५०० त्याच्या हातात ठेवा. हातातल्या पैशांचं तो बॅट-बॉल घेवो, फटाके घेवो, नाहीतर मित्रांना मिसळ खाऊ घालो, कोणी एक शब्द बोलायचा नाही, हे त्याच्या आईवडिलांनाही आधीच बजावून ठेवा. अट एकच, खर्च वहीत लिहायचा. पाडव्याला व्यापारी नवी चोपडी उघडतात, लक्ष्मीपूजनाला तिची पूजा करतात. तुमच्या देवापुढेही यंदा एक साधी दोनशे पानी वही ठेवा, हळदकुंकू वाहा आणि पहिली नोंद त्याला करायला सांगा. चुकीच्या खर्चाची नोंद महिन्याने स्वतःच वाचणं, यापेक्षा चांगली शिकवणी मला ठाऊक नाही. घरात 'व्यापार' या खेळाचा पट असेल तर तोही बाहेर काढा आणि या वेळी बँक त्याच्याकडे द्या.

भाचीच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते. नोकरी लागल्यापासून तिला क्रेडिट कार्डासाठी फोन यायला लागले असतील. तिला ७२ चा आकडा भेट द्या. ७२ ला व्याजदराने भागलं की पैसे साधारण किती काळात दुप्पट होतात ते कळतं. पीपीएफवर ७.१ टक्के धरले तर सुमारे दहा वर्षं. आता हेच कार्डाला लावा. अनेक कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ७२ भागिले साडेतीन, म्हणजे जेमतेम वीस महिने. वीस हजारांचा फोन कार्डावर घेतला आणि बाकी तशीच राहू दिली, तर पावणेदोन वर्षांच्या आत चाळीस हजारांचं देणं उभं राहतं. दंड आणि कर वेगळेच. हे तिला सांगू नका, तिच्याकडून कागदावर करून घ्या. आणि पाकिटात ५०० रुपये घालून त्यावर लिहा : 'पीपीएफचा पहिला भरणा'. वर्षाला किमान तेवढेच लागतात. ते भरायचे की आणखी कुठे ठेवायचे, हे तिचं तिला ठरवू दे.

तुम्हाला कदाचित वाटेल, मला कुठे एवढं येतं शिकवायला? साताऱ्याकडच्या म्हसवडच्या बायकांची गोष्ट आठवा. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर त्या स्वतःची बँक काढायला निघाल्या, तेव्हा त्यांच्यात लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका आहेत म्हणून परवाना नाकारला गेला. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा कोणताही हिशोब विचारा, तोंडी करून दाखवतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ मध्ये उभी राहिली. दूधवाला, वाणी, भिशी हे सगळं आयुष्यभर तोंडी सांभाळलेल्या तुमच्यासारख्या बाईला हिशोब येत नाही, हे मी मानणार नाही.

भाऊजींना मेवा नको. त्यांच्याशेजारी बसून एक डायरी भरून द्या. कोणतं खातं कुठे, ठेव कधी पिकते, विमा कोणता, आणि प्रत्येक ठिकाणी नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणून कोणाचं नाव लागलं आहे. पासवर्ड आणि पिन मात्र त्यात लिहायचे नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ठेवता येतात. नावं कोणाची, ते त्यांनीच ठरवायचं. आणखी एक गोष्ट त्यांच्याशी मोकळेपणी बोला. बँकेतल्या ठेवींना एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नसतं. एक टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीचे सगळे पैसे एका पतसंस्थेत ठेवणारी माणसं आपल्या आसपास खूप आहेत, आणि त्यांना हा फरक कोणी सांगितलेलाच नसतो. डायरीच्या पहिल्या पानावर १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक ठळक लिहा. खाली लिहा, 'डिजिटल अरेस्ट' असं काही कायद्यात नाही, तशी धमकी देणारा फोन आला की ठेवून द्यायचा आणि आधी तुम्हाला कळवायचं.

दिवाळीच्या सुट्टीतला एक दिवस सगळ्यांनी मिळून बाहेर काढता आला तर फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता मार्गावर रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे. २००४ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते ते सुरू झालं. बदलापूरहून थेट सीएसएमटीची गाडी पकडा, तिथून चालत जाता येतं. सोमवारी आणि बँकेच्या सुट्टीला ते बंद असतं, तेवढं पाहून दिवस ठरवा. त्या दिवसाचे सगळे पैसे, तिकिटापासून वडापावापर्यंत, सकाळीच नातवाच्या खिशात द्या. येताना कल्याण गेलं की गाडीतली गर्दी थोडी ओसरते, तेव्हा त्याच्याकडून हिशोब घ्या. नातीच्या बरणीतली नाणी तिच्या मुठीत असतील, तिलाही जुळवू द्या.