तणसमिश्रित मातीच्या मजबुतीची परीक्षा

धानाची मळणी आटोपली म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील गावोगावी तणसाचे ढीग उभे राहतात आणि राईस मिलच्या आवारात तुसाच्या राशी पडतात. गोंदिया शहराला लागून असलेले कुडवा हे गाव यास अपवाद नाही. तणसाचा मोठा भाग वैरणीस जातो. थोडा भाग मात्र पिढ्यान्‌पिढ्या चिखलात तुडवून कच्च्या विटा, भिंती आणि गिलावा यांच्या कामी येत आला आहे. पक्क्या घरांची संख्या वाढली असली तरी गोठा, धान्याची खोली, स्वयंपाकघराची मागची भिंत अशा अनेक ठिकाणी मातीचे काम आजही चालते.

या जिल्ह्यात वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. श्रावणातील झडीत भिजून एखादी भिंत रात्री बसली, तर दावणीची जनावरे, साठविलेले धान आणि प्रसंगी माणसेही तिच्याखाली सापडतात. अशा वेळी दोष बहुधा पावसास दिला जातो. परंतु भिंत उभी करण्यापूर्वी तिच्या मातीची परीक्षा झाली होती काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ही परीक्षा गावात, अल्प खर्चात कशी करावी, याची माहिती ग्रामस्तरावरील कार्यकर्ते व शेतकरी यांच्यासाठी येथे दिली आहे.

तंतू मातीत काय कार्य करतो?

माती दाब चांगला सहन करते, परंतु ओढ सहन करीत नाही. वाळलेले ढेकूळ पायाखाली सहज फुटत नाही, मात्र त्याच मातीची लांब पट्टी वाकविताच मोडते. याचे कारण असे की, वाकविताना पट्टीच्या खालच्या बाजूस ओढ बसते आणि तेथे पडलेली चीर क्षणात आरपार जाते. चिकण माती वाळताना आकसते, तेव्हाही याच ओढीमुळे तिला भेगा पडतात.

मातीत तणसाचे तुकडे मिसळले असता ते चिरेच्या दोन्ही कडांना धरून ठेवतात. चीर पडते, परंतु पुढे धावत नाही. अशा रीतीने दोन निराळ्या गुणांच्या वस्तू एकत्र येऊन जो पदार्थ तयार होतो, त्यास संमिश्र पदार्थ म्हणतात. ही कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी गवताचे काड घातलेल्या कच्च्या विटा पाडीत असत. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांखालचा गिलावाही माती, धानाचा तूस व वनस्पतींचे तंतू यांचाच आहे. मात्र तो गिलावा खडकाच्या आडोशाला आहे, पावसाच्या माऱ्यात नाही, हे विसरता कामा नये.

संमिश्र पदार्थाची ताकद मातीत नसते, तशीच ती एकट्या तंतूतही नसते. ती दोहोंच्या पकडीत असते. धानाच्या काडीचा पृष्ठभाग गुळगुळीत व मेणचट असल्याने ती मातीतून निसटू पाहते. म्हणून तणस कापून, चेचून, ओल्या चिखलात काही दिवस कुजत ठेवून मग तुडविण्याची जुनी रीत योग्यच आहे. अंबाडी व ताग यांचे तंतू तणसापेक्षा पुष्कळ चिवट असतात, परंतु त्यांचे गुंते राहिल्यास त्या जागी माती पोहोचत नाही आणि पोकळी तयार होते.

तणस जितके अधिक तितकी भिंत बळकट, ही समजूत चुकीची आहे. एका मर्यादेपलीकडे तंतू वाढविल्यास मातीचा सलगपणा तुटतो, पाणी अधिक लागते आणि वीट हलकी पण ठिसूळ होते. ही मर्यादा प्रत्येक मातीत वेगळी असते. जिल्ह्यातील कन्हार व मोरांड या चिकण मातींचे प्रमाण रेताड सिहारीला लागू पडेलच असे नाही. म्हणूनच परीक्षा आवश्यक आहे.

पहिली परीक्षा : माती योग्य आहे काय?

भारतीय मानक ब्यूरोने १९९३ साली मातीच्या इमारतींची भूकंपरोधकता वाढविण्यासंबंधी आयएस १३८२७ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात गावात करता येतील अशा काही सोप्या परीक्षा दिल्या आहेत. ओल्या मातीच्या सुमारे २ सेंटिमीटर व्यासाच्या पाच-सहा गोळ्या करून त्या वाळू द्याव्यात. वाळल्यावर प्रत्येक गोळी अंगठा व तर्जनी यांच्यात दाबावी. एकही गोळी फुटली नाही, तर मातीत चिकणपणा पुरेसा आहे असे समजावे. गोळ्या फुटल्यास ती माती विटांस योग्य नाही. तीत अधिक चिकण माती मिसळून पुन्हा पाहावे.

चिकणपणा पुरेसा असला तरी भेगांची परीक्षा राहते. माती व जाड वाळू यांची निरनिराळी प्रमाणे, नुसत्या मातीपासून एकास तीनपर्यंत, घेऊन प्रत्येक मिश्रणाने वाळलेल्या विटांची एक-एक जोडी चिकटवावी. ४८ तासांनंतर जोड्या उघडून पाहाव्यात. ज्या मिश्रणात भेग दिसत नाही, त्यांपैकी सर्वांत कमी वाळूचे मिश्रण निवडावे.

नमुने तयार करणे

नव्या बियाण्याची पारख करताना शेजारी जुन्या बियाण्याचा वाफा ठेवावा लागतो; खत, पाणी व पेरणीचा दिवस एकच ठेवावा लागतो. येथेही तोच नियम आहे. फक्त तणसाचे प्रमाण बदलावे, बाकी सर्व समान ठेवावे.

१. एकाच खड्ड्यातील माती वाळवून, चाळून प्रत्येकी २० किलोचे चार ढीग करावेत.

२. पहिल्या ढिगात तणस घालू नये. हा तुलनेचा ढीग होय. दुसऱ्यात १०० ग्रॅम, तिसऱ्यात २०० ग्रॅम व चौथ्यात ४०० ग्रॅम कोरडे तणस घालावे. ही प्रमाणे अनुक्रमे अर्धा, एक व दोन टक्के होतात. काडीचे तुकडे ४ ते ५ सेंटिमीटर लांबीचे असावेत.

३. चारही ढीग सारखेच दिवस भिजवून सारखेच तुडवावेत.

४. आतून ४० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर उंच अशा लाकडी साच्यातून प्रत्येक ढिगाच्या पाच पट्ट्या पाडाव्यात आणि ओल्या असतानाच त्यांवर क्रमांक कोरावा.

५. पट्ट्या प्रथम सावलीत, नंतर उन्हात, एकूण चार आठवडे वाळवाव्यात. लागोपाठ दोन दिवस वजन सारखे भरले म्हणजे पट्टी वाळली असे समजावे. अर्धवट वाळलेल्या नमुन्याची परीक्षा व्यर्थ होय.

दुसरी परीक्षा : वाकवण

दोन बाकांवर एकेक लोखंडी सळई अशी ठेवावी की, दोन सळयांमधील अंतर बरोबर ३० सेंटिमीटर राहील. पट्टी त्यांवर आडवी ठेवावी. पट्टीच्या मध्यावर तिसरी सळई ठेवून तिच्या दोन्ही टोकांना दोरीने रिकामे पोते टांगावे. पोते जमिनीपासून वीतभरच वर असावे, म्हणजे पट्टी तुटताना इजा होणार नाही. नंतर पोत्यात अर्धा-अर्धा किलो वाळू सावकाश घालीत जावे.

दोन नोंदी घ्याव्यात : पहिली चीर दिसली तेव्हाचा भार आणि पट्टी तुटली तेव्हाचा भार. भारात वाळूबरोबर पोते, दोरी व वरची सळई यांचे वजन धरावे. नुसत्या मातीची पट्टी बहुधा चीर दिसताच तुटते. तणसाची पट्टी चिरल्यावरही काही काळ लोंबकळत भार पेलते. चिरल्यानंतरचा हा धीर हेच तंतूचे खरे काम आहे. भिंतीच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की, घरातील माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो.

ताकद काढण्याची रीत अशी : तुटण्याच्या भारास सळयांमधील अंतराने गुणून पुन्हा ३ ने गुणावे. आलेल्या संख्येस पट्टीची रुंदी, जाडी, पुन्हा जाडी व २ यांच्या गुणाकाराने भागावे. समजा, वाळलेली पट्टी ९.५ सेंटिमीटर रुंद व ४.८ सेंटिमीटर जाड भरली आणि ती २४ किलो भाराने तुटली. तर ३ × २४ × ३० म्हणजे २१६० यास २ × ९.५ × ४.८ × ४.८ म्हणजे सुमारे ४३८ ने भागल्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.९ किलो ही वाकवणीची ताकद येते. साच्याचीच मापे धरली असती, तर हे उत्तर ४.३ आले असते. माती वाळताना आकसते आणि हिशेबात जाडी दोनदा येते. म्हणून माप वाळलेल्या पट्टीचेच घ्यावे. पट्टीचे स्वतःचे वजन सर्व नमुन्यांत जवळजवळ समान असल्याने तुलनेसाठी ते वगळण्यास हरकत नाही.

तिसरी परीक्षा : पूर्ण वीट

मिश्रण निश्चित झाल्यावर प्रत्यक्ष कामाच्या मापाच्या काही विटा पाडून चार आठवडे उन्हात वाळवाव्यात. दोन टोकांना आधार देऊन आडव्या ठेवलेल्या विटेवर ६० ते ७० किलो वजनाच्या माणसाने सावकाश उभे राहावे. उपरोक्त मानकाप्रमाणे विटेने हा भार पेलला पाहिजे. ती मोडल्यास मिश्रणात चिकण माती व तंतू वाढवून पुन्हा परीक्षा घ्यावी.

दाबाची ताकद अचूक कळण्यासाठी १० सेंटिमीटर बाजूचे घन पाडून पूर्ण वाळवावेत आणि स्थापत्य विभाग असलेल्या जवळच्या तंत्रनिकेतनात वा अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांची यंत्रावर तपासणी करून घ्यावी. दर चौरस मिलिमीटरला किमान १.२ न्यूटन इतकी ताकद इष्ट मानली आहे. याचा अर्थ असा की, त्या लहानशा घनाने सुमारे १२०० किलोचा भार पेलावा. इतका भार गावात रचणे धोक्याचे असल्याने ही परीक्षा प्रयोगशाळेतच करावी.

चौथी परीक्षा : पाणी

कोरडी पट्टी कितीही बळकट असली तरी झडीत टिकेलच असे नाही. ऑस्ट्रेलियातील जिलाँग येथे विकसित झालेली ठिबक परीक्षा यासाठी उपयोगी आहे. नमुना तिरका ठेवून ४० सेंटिमीटर उंचीवरून १०० मिलिलिटर पाणी थेंबाथेंबाने एकाच जागी पडू द्यावे. हे पाणी २० ते ६० मिनिटांत संपले पाहिजे. पडलेल्या खळग्याची खोली काडीने मोजावी. ती १५ मिलिमीटर वा अधिक भरल्यास ते मिश्रण उघड्या भिंतीस अयोग्य समजावे.

तणसामुळे मातीची धूप कमी होते, तथापि माती जलरोधक होत नाही. सतत ओल राहिल्यास आतील तणसही कुजते आणि त्याच्या वासाने वाळवी येते. म्हणून जोते उंच दगडी असावे, कवेलूंचे छप्पर भिंतीबाहेर पुरेसे आलेले असावे आणि वळचणीचे पाणी भिंतीपासून दूर वाहून जावे. या तीन गोष्टींची उणीव कोणतेही मिश्रण भरून काढू शकत नाही.

निकाल कसा वाचावा?

प्रत्येक ढिगाच्या पाच पट्ट्यांची सरासरी काढावी, परंतु सर्वांत कमी भारास तुटलेल्या पट्टीकडेही दुर्लक्ष करू नये. भिंत सरासरी जागी खचत नाही. ती सर्वांत दुबळ्या जागी खचते. पाच पट्ट्यांत फार तफावत असल्यास चिखल नीट तुडविला गेला नाही असे समजावे.

समजा, एक टक्क्याच्या पट्ट्यांची सरासरी २४ किलो व दोन टक्क्यांची २५ किलो आली, परंतु दोन्ही ढिगांतील पट्ट्या १९ ते २९ किलोंच्या दरम्यान तुटल्या. अशा वेळी एका किलोच्या फरकास अर्थ नाही. कमी तणसाचे मिश्रण निवडावे. साडेसात किलोच्या हजार विटांना एक टक्क्याने ७५ किलो तणस लागते आणि दोन टक्क्यांनी १५० किलो. ही ७५ किलोंची बचत म्हणजे उन्हाळ्यातील बैलजोडीची काही दिवसांची वैरण होय.

हीच तत्त्वे कारखान्यात

मुंबई येथे १९२४ साली स्थापन झालेल्या व आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने कापसाच्या पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे. अशा फळ्यांचीही वाकवण तपासतात, आतील पकड ओढून पाहतात आणि पाण्यात ठेवून जाडी किती फुगते ते मोजतात. मातीच्या जागी राळ व वाळूच्या पोत्याच्या जागी यंत्र आले, तरी प्रश्न तेच राहतात : पकड किती, चिरल्यावर टिकाव किती आणि ओलीत काय उरते?

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेथील पुष्कळशी घरे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची होती. छपराचा भार त्यांनी वर्षानुवर्षे पेलला होता, परंतु आडवा धक्का व ओढ त्यांना सोसली नाही. ती बांधणी तणसमिश्रित विटांची नव्हती; तथापि जाड दिसणारी भिंत मजबूत असतेच असे नाही, हा बोध सर्वांस सारखाच लागू आहे.

विटा पाडण्याचा हंगाम धानाच्या कापणीनंतर सुरू होतो. नमुने जानेवारीत पाडल्यास फेब्रुवारीअखेर निकाल हाती येतो आणि मृगापूर्वी बांधकाम पुरे करण्यास अवधी उरतो. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी कुडव्यासारख्या गावात एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणातच ही परीक्षा सर्वांसमक्ष घ्यावी व आकडे फळ्यावर लिहावेत. वीस पट्ट्यांना लागते ऐंशी किलो माती, पाऊण किलोहून कमी तणस आणि थोडा धीर. एवढ्या खर्चात भिंतीची कच्ची बाजू अंगणातच उघडी पडत असेल, तर तिची परीक्षा पावसावर सोपविण्याचे कारण नाही.