शहर सोडून गावी राहायला जाताना

नोकरी सोडून गावी जावे, चार एकर जमीन घ्यावी, आंब्या-नारळाची झाडे लावावीत आणि शांतपणे जगावे, असे शहरात राहणाऱ्या पुष्कळांच्या मनात असते. आपल्या जिल्ह्यातून शिकून पुण्या-मुंबईला गेलेली मुले आता चाळिशी-पन्नाशीला आली आहेत. 2020 च्या टाळेबंदीत त्यांपैकी अनेक जण काही महिने गावी राहून गेले आणि तेव्हापासून हा विचार जास्तच बळावला. काही जण खरोखरच परत आले आहेत. आपल्या वाचकांपैकी कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा, कोणाचे साडू या वाटेवर असतील. म्हणून या आठवड्यात प्रकृतीच्या दृष्टीने या निर्णयाचा विचार करू.

निसर्गाचा फायदा खरा आहे

झाडांच्या सहवासात बरे वाटते हा केवळ कवींचा समज नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच या संशोधकाने तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर काहींना समोर विटांची भिंत होती. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली. हा अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2019 साली इंग्लंडमधील सुमारे 20 हजार लोकांच्या पाहणीत असे दिसले, की आठवड्यातून किमान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले.

तेव्हा फायदा आहे. पण तो आपोआप मिळत नाही. शहरातले धोके मागे राहतात हे खरे, मात्र गावचे धोके वेगळे असतात आणि नव्या माणसाला ते ठाऊक नसतात. गावात वाढलेला माणूस गवतात पाय टाकण्यापूर्वी काठी आपटतो. शहरातून आलेला तसाच पुढे जातो. फरक एवढाच, पण कधी कधी तो जिवावर बेततो.

अंतराचे गणित

या विषयात हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकाचे नाव नेहमी घेतले जाते. 1845 ते 1847 अशी सुमारे दोन वर्षे तो वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला. तो घोर अरण्यात राहिला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती झोपडी त्याच्या कॉन्कॉर्ड गावापासून दीड-दोन मैलांवर होती, जागा त्याचा मित्र इमर्सन याच्या मालकीची होती आणि थोरोचे घरी, गावात येणेजाणे चालू असे. यातून घेण्यासारखा बोध हा, की एकांत हवा असला तरी माणसांपासून आणि मदतीपासून फार दूर जाऊ नये.

जमीन पाहताना लोक पाणी, वीज आणि रस्ता पाहतात. त्यात आणखी एक गोष्ट मिळवा. तेथून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय किती अंतरावर आहे, हे स्वतः गाडीने जाऊन मोजा. एकदा दिवसा जा आणि एकदा पावसाळ्यात रात्री. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली जातो का, मोबाईलला रेंज कोठे मिळते, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका कोठून निघते, हे आधी कळले पाहिजे. ज्याला पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याने तर हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

साप आणि विंचू

भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मरण पावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. यांतील बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांतले आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. या चौघांच्या विषावर एकच लस चालते. ती जवळच्या केंद्रात आहे का, याची चौकशी गावी आल्यावर पहिल्या आठवड्यातच करावी.

मण्यार रात्री चावते आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अशा वेळी अपचन समजून ओवा देत बसू नये. खाटेवर झोपावे, मच्छरदाणीची कड गादीखाली नीट खोचावी, रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी, सरपणाचा ढीग घराला लागून रचू नये. यानेच बरेच दंश टळतात.

साप चावलाच तर दोरी आवळून बांधू नये, जखम कापू नये, विष चोखू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. अंगठ्या, जोडवी, बांगड्या काढून घ्याव्यात, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नये आणि रुग्णाला धीर देत थेट रुग्णालयात न्यावे. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नये.

कोकणातील लाल विंचूही साधा नव्हे. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर हृदयावर परिणाम होत आहे असे समजावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्रॅझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवले आणि त्यामुळे या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. मात्र औषधाचा उपयोग वेळेवर पोचलेल्यालाच होतो.

चिखल, गवत आणि जनावरे

भातलावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उतरणे मनाला छान वाटते. पण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतो. पायाला भेगा किंवा जखम असेल तर गमबूट घालावेत. पावसाळ्यात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि आपण चिखलात काम केले होते हे आवर्जून सांगावे.

गवतातील बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस 2018 साली विदर्भात बराच आढळला. अंगावर जळल्यासारखा काळा डाग आणि ताप ही त्याची खूण. माकडताप हा गोचिडीतून पसरणारा आजार 2015 साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि 2016 साली सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात आढळला. काजूच्या बागेत, रानात काम करून आल्यावर अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ करावी आणि कपडे धुवायला टाकावेत.

धारोष्ण दुधाचे कौतुक करणारे अनेक भेटतात. जनावरांचा ब्रुसेल्लोसिस हा आजार कच्च्या दुधातून माणसाला होतो, म्हणून दूध उकळूनच प्यावे. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस पूर्ण घ्यावी. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यायची असते. गावी जाण्यापूर्वीच ती घेऊन ठेवावी.

विहिरीचे पाणी नितळ दिसले म्हणून शुद्ध नसते. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ते तपासून घ्यावे. बोअरचे पाणी असेल तर फ्लोराईडची तपासणी अवश्य करावी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत फ्लोराईडचा त्रास आहे, आणि ते उकळून जात नाही.

कष्टाची सवय हळूहळू

वीस वर्षे खुर्चीत बसून काम केलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी कुदळ घेऊन खड्डे खणू नयेत. कंबर धरते ते वेगळेच, पण हृदयावरही ताण पडतो. चाळिशी उलटलेल्यांनी जाण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. मधुमेहाची औषधे चालू असतील तर शेतीच्या कष्टाने साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच साखर किंवा गूळ खावा आणि औषधाचा डोस डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावा.

उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून मुक्काम हलवायचा तर दिवाळीनंतर हलवावा. थंडीत कामाची सवय होते, उन्हाळा हळूहळू अंगवळणी पडतो आणि पावसापूर्वी घराची डागडुजी होते.

फवारणीबाबतही बेफिकिरी नको. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. फवारणी करायचीच झाली तर पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि मुखपट्टी हवी. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नये.

घरातल्या सर्वांचा निर्णय

शेवटी एक नाजूक गोष्ट. पुष्कळदा गावी जाण्याची हौस पुरुषाला असते, आणि पाणी भरणे, चुलीचा धूर, पाहुण्यांचे जेवण हे बाईच्या वाट्याला येते. चुलीच्या धुराने दमा आणि फुप्फुसाचे जुनाट विकार होतात, म्हणून गॅस सोडू नये. पत्नीची नोकरी, मैत्रिणी, माहेर शहरात असेल तर तिच्या मनाचाही विचार व्हावा. पहिले पाच-सहा महिने सरले की नवलाई ओसरते. पावसाळ्यात चार चार दिवस बोलायला कोणी नसते. झोप उडणे, कशातच गोडी न वाटणे, संध्याकाळी पेल्याचा आधार लागणे ही लक्षणे दिसली तर ती थकव्याच्या नावावर ढकलू नयेत. डॉक्टरांशी बोलावे. गावातल्या भजनाला, पारावर, ग्रामसभेला जाण्याचा परिपाठ ठेवावा. शेजारी हे गावातले सर्वांत मोठे औषध आहे, रात्री-अपरात्री गाडी तेच काढतात.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. डोंगर जवळूनही साजरे असतात, फक्त तेथे पायवाट पाहून चालावे लागते. आधी एक पूर्ण वर्ष, तिन्ही ऋतूंत, थोडे थोडे दिवस राहून पाहा. मग राजीनामा लिहा. आणि आपल्या गावात असे कोणी नव्याने राहायला आले असेल, तर हसण्यापेक्षा त्यांना साप कोठे निघतो, डॉक्टर कोठे भेटतात आणि पूर कोणत्या पुलावर येतो, एवढे जरूर सांगा.